राईतल्या तुणीची पेटी

महिपत मेस्त्रीला गावात कुणी वाईट म्हणत नसे. चांगलंही फारसं कुणी म्हणत नसे, आणि हेच त्याचं दुखणं होतं.

रत्नागिरीहून निघालेली एसटी जिथे वळून परत जाते, ते आमचं आंबेकोंड. तिथे सुतारवाडीतलं पहिलं घर महिपतचं. नांगर मोडला, उंबरठा कुजला, बाजेचा पाय निखळला की लोक त्याच्या पडवीत येत, काम सांगत, चहा पीत, आणि मग बोलायला लागत ते त्याच्या धाकट्या भावाविषयी.

"गंगारामाचं काय पत्रबित्र? म्हमईत कुठल्या शेटच्या घरात जिना केलान म्हणे. गोल, शंखासारखा."

महिपत रंध्याचं पातं ठोकत ऐकून घ्यायचा. पातं हवं त्याहून जास्त बाहेर यायचं आणि पुढच्या फळीला ओरखडा पडायचा.

हे आजचं नव्हतं. दोघं भाऊ लहान असताना बापानं दोघांना एकेक पाट करायला लावला होता. महिपतचा पाट जाड, चारी पाय भक्कम. गंगारामाच्या पाटाच्या कडेला त्यानं आपल्याच मनानं वेलीसारखी रेघ काढलेली. बापानं दोन्ही पाट हातात घेऊन पाहिले आणि म्हणाला, "महिपतचा हात खरा, गंगाचा हात गोड." गणपतीत देव बसला तो गंगारामाच्या पाटावर. महिपतच्या पाटावर बसून आई भाकऱ्या थापायची. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, अरे, रोजचा उपयोग तुझाच. पण त्यानं कधी विचारलं नाही. खरेपणाचं कौतुक एकदाच होतं, गोडीचं रोज होतं, एवढं त्याच्या ध्यानात राहिलं.

गंगाराम मिसरूड फुटण्याआधीच मुंबईला गेला, एका फर्निचरच्या कारखान्यात लागला. महिपत गावात राहिला, कारण थोरल्यानं राहायचं असतं. त्याचं लग्न झालं, हौसा घरात आली, पोरी झाल्या. हात चालत राहिला. पंचक्रोशीतल्या निम्म्या घरांच्या चौकटी त्याच्या आहेत. पण चौकटीकडे कोण बघतं? माणूस तिच्यातून आत जातो आणि बाहेर येतो.

मग एका पावसाळ्यात देवीच्या राईतली तूण पडली.

राईतल्या झाडाला आमच्याकडे कोयता लावत नाहीत. वाळकी काटकीसुद्धा चुलीत जात नाही. जे पडेल ते तिथेच कुजेल, नाहीतर देवीच्या कामाला येईल. ही तूण जुनी होती, दोघांच्या कवेत न मावणारी. ती पडली तेव्हा गावकीला एक जुनी अडचण आठवली. शिमग्याला पालखीत लावायची देवीची रुपी, म्हणजे चांदीचे मुखवटे, आणि त्यांचे शेले वर्षभर एका फणसाच्या पेटीत असत. त्या पेटीत कसर शिरली होती. आदल्या शिमग्याला शेला उलगडला तर त्यातून पलीकडचा गुरव दिसत होता.

"तुणीची पेटी करूया," गावचा प्रमुख मानकरी, गावकर हरिश्चंद्र म्हणाला. "तुणीला कीड शिवत नाय. वासानंच पळते."

महिपतनं ते ऐकलं आणि तो ताठ बसला. देवीची पेटी! शिमग्याला अख्खा गाव जिच्याभोवती उभा राहतो ती.

लाकूड राखायचं काम त्याच्याकडेच आलं. राईच्या कडेला करवतकऱ्यांनी ओंडका चिरला. त्यांना शिंका आवरेनात, कारण तुणीचा भुसा नाकात गेला की झोंबतो. आतून निघालेलं लाकूड विटेच्या रंगाचं, ओलं, नुसतं घमघमत होतं. चंदनाचा वास समोर येऊन उभा राहतो. तुणीचा वास वळचणीला थांबतो. जरा गोड, जरा तिखट, बंद डब्यातल्या वेलचीची आठवण देणारा. लाकूड जुनं झालं की तो आत जाऊन बसतो, आणि नुसता रंधा फिरवला तरी पुन्हा बाहेर येतो. म्हणून तर तुणीच्या पेटीला आतून पॉलिश करत नाहीत. केलं तर तिचं तोंड बांधल्यासारखं होतं.

पण तूण हलकी असते, मनानंही हलकी. घाईनं उन्हात वाळवली तर रुसून वाकडी होते. महिपतनं फळ्यांच्या टोकांना शेण फासलं, म्हणजे त्या चिरणार नाहीत. पडवीच्या सावलीत एकीवर एक रचल्या, मध्ये बारीक पट्ट्या घालून, वारा खेळता राहील अशा. दोन पावसाळे तो त्यांना कूस बदलून देत होता. बाळंतिणीसारखं, हौसा म्हणायची. "माझ्या बाळंतपणात एवढं नाय केलंत." तो हसायचा. कामावरून आला की एखादी फळी नखानं खरवडायचा आणि वास घ्यायचा. मनात पेटी कधीच तयार झाली होती.

पंच्याऐंशी सालच्या संक्रांतीनंतर गावकी बसली. गावकरानं खाकरून सांगितलं, "मुंबईकर मंडळाचं म्हणणं असं, की पेटी गंगारामानं करावी. तो रजा काढून येतोय. महिपत, तू फळ्या काढून दे त्याला."

सगळे महिपतकडे बघत होते, प्रेमानंच. त्याच्याच घरात मान जातोय म्हटल्यावर त्याला आनंदच व्हायचा, असं सगळ्यांनी धरलं होतं.

"देतो की," महिपत म्हणाला.

गंगाराम आला तो बायकोला घेऊन. प्रेमलाच्या अंगावर नायलॉनची साडी, त्याच्या मनगटात घड्याळ. ते घड्याळ तो करवत चालवतानाही काढत नसे. कानावर पेन्सिल, ओठांत कसलंसं गाणं. त्यानं देवळाच्या सभामंडपात काम मांडलं, आणि सकाळपासून माणसं तिथे जाऊन बसू लागली.

त्याआधी महिपतनं फळ्या काढून दिल्या होत्या. त्यावेळी त्यानं दोन गोष्टी केल्या.

ओंडक्याच्या बुंध्याकडची एक फळी होती. त्या झाडाला कधीकाळी वीज चाटून गेली होती, आणि त्या जखमेभोवती लाकडाला अशी लहर आली होती की वाऱ्यात हलणारी ज्योतच. सगळ्यांत देखणी फळी. पण चैत्राच्या उन्हाळ्यात तिच्यातून डिंकाचे थेंब बाहेर आलेले महिपतनं पाहिले होते. खोबरेल लावून त्यानं ते पुसले होते. थंडीत काही दिसत नाही. ऊन तापलं की डिंक पुन्हा पाझरणार, वर पॉलिश फोडून, खाली शेल्यांवर. ती फळी त्यानं बाजूला काढून ठेवलेली होती. ती त्यानं परत उचलली आणि गंगारामाला द्यायच्या फळ्यांत सगळ्यांत वर ठेवली.

आणि एक निर्दोष, सरळ रेषेची, रुंद फळी त्यानं माळ्यावर टाकली, गोणपाटाखाली. राईचं लाकूड घरात ठेवायचं नसतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याला ती फळी नकोच होती. ती गंगारामाला मिळू नये, एवढंच हवं होतं.

मग तो रोज देवळात जाऊ लागला. बघायला. खांबाला टेकून बसायचा आणि भावाचे हात बघायचा. पेटीच्या कोपऱ्यांत गंगाराम खिळा वापरत नव्हता. एका फळीचे दाते दुसरीच्या खाचांत बसवत होता, बोटांत बोटं गुंफावीत तसे. महिपत मनात म्हणायचा, हा दाता सैल पडणार. दाता सैल पडायचा नाही. तो म्हणायचा, आता ढलपी उडणार. पटाशी थांबायची तिथेच थांबायची. गंगाराम जेवायला गेला की महिपत उठून सांध्यात नख घालून पाहायचा. नख जायचं नाही.

चुकेल या आशेनं माणूस एखाद्याकडे बघायला लागला की त्याला ते काम इतकं नीट दिसतं, जितकं कौतुक करणाऱ्याला कधीच दिसत नाही. सभामंडपातली माणसं नुसती "वा वा" करत होती. गंगारामाचं खरं काम एकटा महिपत बघत होता.

"कसं काय, दादा?" गंगाराम विचारायचा.

"चाललंय की."

"झाकणाला ती लहरीची फळी घेईन म्हणतो. तिच्यासारखी दुसरी नाय."

"घे की," महिपत म्हणाला.

त्या संध्याकाळी हौसा भाताला आधण ठेवत होती. पाठ न वळवता तिनं विचारलं, "ती फळी दिलीत?"

"कुठली?"

"जिला पुसायला मी खोबरेल आणून दिलं ती."

"तू तुझं बघ."

"माझं काय बघायचंय? मी देवीची ओटी भरणार. तुम्ही काय भरणार? डिंक?"

तिनं तांदूळ वैरले.

"हेवा मला करता येत नाय असं समजू नका. प्रेमलाच्या कुकरचा मी केला की. दोन वर्षं केला. पण म्हणून त्याची शिटी काढून फेकली नाय मी." मग तिनं एकदा माळ्याकडे पाहिलं. "आणि वर काय ठेवलंय, त्याचा वास घरभर येतो. माणसाला लपवायचं तर निदान आंब्याची फळी लपवावी."

सकाळी महिपत देवळात गेला तेव्हा अजून कुणी आलं नव्हतं. गंगाराम पातं घासत होता.

"ती फळी झाकणाला घेऊ नको," महिपत उभ्याउभ्याच बोलला. "डिंक हाय तिच्यात."

गंगाराम पातं घासतच राहिला. "माहीत हाय."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. बापानं दोघांनाही शिकवलंय ना, दादा. नखानं दाबून बघितली." त्यानं हनुवटीनं भिंतीकडे खूण केली. ती फळी तिथे उलटी टेकलेली होती, मागच्या बाजूला खडूची फुली मारलेली.

"मग बोललास का नाय?"

"तू बोलतोस का बघत होतो."

"आणि नसतो बोललो तर?"

गंगारामानं पात्यावर फुंकर मारली. "आंब्याचं झाकण केलं असतं. गावाला सांगितलं असतं, तूण कमी पडली. दादानं दोन पावसाळे राखली, तरी कमी पडली."

महिपतला वाटलं होतं की खरं सांगितल्यावर बरं वाटेल. उलट जळजळ वाढली. आपलं पापसुद्धा यानं आपल्याआधी ओळखलं. त्यातही हा पुढेच.

"एक चांगली फळी माझ्या माळ्यावर हाय," तो म्हणाला. आवाज त्याचाच, पण खरवडल्यासारखा.

"मग झाकण तूच कर," गंगाराम म्हणाला. "रुंद फळी तुझ्याकडे हाय, हात तुझा. मला कड्या नि कुलूप बसवायचंय अजून."

तो हे मोठेपणानं म्हणाला, की कंटाळून, की हसत, हे महिपतला कळलं नाही. पण नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

महिपतनं आयुष्यात एवढं काम कुठल्याच वस्तूवर केलं नव्हतं. फळी माळ्यावरून काढली, रंधा मारला, आणि सगळी पडवी घमघमली. लांब, लालसर, कुरळ्या ढलप्या खाली पडत राहिल्या. पोरींनी त्या केसांत माळल्या. हौसानं मूठभर उचलून लुगड्यांच्या घड्यांत घातल्या, मग राईचं लाकूड आहे हे आठवून परत काढल्या आणि त्याच्या पुढ्यात ठेवल्या. "देवीकडे घेऊन जा सगळ्या." तो काय करतोय ते तिला दिसत होतं. तो झाकण करत नव्हता, भावाच्या पेटीला उत्तर करत होता.

झाकण पेटीवर टोपीसारखं बसणारं होतं, चारी बाजूंनी कड खाली उतरलेली. महिपत ते देवळात न्यायचा, बसवायचा, कुठे अडतंय ते बघायचा, परत आणायचा, केसाएवढं तासायचा. शेवटी एका दुपारी, कोरड्या मतलई वाऱ्यानं सगळं खणखणीत सुकलेलं असताना, त्यानं झाकण पेटीवर ठेवलं आणि हात काढला. झाकण आपल्या वजनानं, हलके हलके, आतला वारा कडांतून सोडत खाली गेलं. निजायला टेकलेलं माणूस सुस्कारा सोडतं तसा आवाज झाला, आणि झाकण बसलं. सभामंडपातली माणसं उठून जवळ आली.

गंगाराम पुढे आला. त्यानं झाकण उचललं, परत ठेवलं. परत उचललं. सांध्यावरून बोट फिरवलं.

"जरा मोकळं कर, दादा," तो म्हणाला. "देवळात ओल असते. शिमग्याला सारवण होईल, सडे पडतील. लाकूड फुगेल."

महिपतनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला वाटलं, आता झोंबलं याला. आयुष्यात पहिल्यांदा झोंबलं. त्या एका विचारानं त्याला इतकं गोड वाटलं की सल्ला कानाबाहेरच राहिला.

"बघू," तो म्हणाला, आणि रंधा पिशवीत घातला.

फाल्गुनात गावकीनं रुपी आणि शेले नव्या पेटीत ठेवून झाकण लावलं. देऊळ सारवलं, अंगणात सडे घातले, रांगोळ्या निघाल्या. मुंबईकर मंडळी एसटी भरभरून आली. पालखी सजली तेव्हा ऊन वर आलं होतं. ढोल घुमत होता. सखाराम गुरव सोवळं नेसून पेटीपाशी बसला, कुलूप काढलं, आणि झाकणाला हात घातला.

झाकण हललं नाही.

त्यानं जोर केला. मग दोघांनी केला. झाकणाबरोबर अख्खी पेटीच वर येऊ लागली.

"अरे, ढोल थांबवा!" गावकर ओरडला. ढोल थांबला आणि सगळं आणखीच वाईट झालं, कारण आता गुरवाचं कण्हणं सगळ्यांना ऐकू येत होतं.

"दोघा भावांनी मिळून देवीला कोंडली रे!" मागून कुणीतरी बोललं, आणि बायकांत हशा पिकला.

"सखाराम, पाठ मोडशील!"

"पटाशी घाला फटीत."

"फट असंल तर घालतील ना!"

गंगाराम पुढे झाला. मुंबईकर सरसावून बघू लागले. त्यानं घड्याळ मागे सारलं, कडेखाली अंगठे लावले, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. कपाळावर घाम आला. झाकण ढिम्म. तो मान वर करून थोरल्या भावाला शोधू लागला.

महिपत खांबाशी उभा होता, मेल्याहून मेल्यासारखा. देवीपुढे, गावापुढे, आपल्याच हातानं. पण पाय त्याला पेटीपाशी घेऊन गेले. ते झाकण त्यानं इतक्या वेळा लावलं आणि काढलं होतं की डोळे मिटूनही त्याला ते ठाऊक होतं. रेषा कशी धावते, कुठे लाकूड मऊ आहे, कुठे कड केसभर जास्त तासली गेली आहे. तो बसला, डावा तळवा एका कोपऱ्यावर दाबून धरला, आणि समोरच्या कोपऱ्याला खालून मुठीनं एकच हलका ठोका दिला.

आत वारा शिरल्याचा आवाज झाला आणि झाकण हातात आलं.

त्याबरोबर वास आला. दिवसचे दिवस त्या घट्ट अंधारात साठलेला तो वास एकदम वर उठला आणि पहिल्या रांगेवरून मागच्या रांगेवर गेला. आंब्याच्या मोहराचा, सारवणाचा, घामाचा, सगळ्यांचा वास बाजूला सारत. म्हाताऱ्या मथुरानं हात जोडले. मग हसणाऱ्यांनीही जोडले. शेले होते तसे होते, कोरे, लालसर सावलीत घडी घातलेले, आणि त्यांवर चांदीचे मुखवटे.

"महिपत," गावकर हरिश्चंद्र म्हणाला, "ही देवीची इच्छा दिसते. दुसऱ्याच्या हाती उघडायची नाय ती. आजपासून झाकण काढायचा मान तुझ्या घराला."

सखाराम गुरवानं तिथल्या तिथे पहिला नारळ उचलून महिपतच्या हातात दिला. ढोल पुन्हा सुरू झाला. आमच्याकडे मान असाच लागतो. एकदा गावासमोर बोलला गेला की पिढ्या जातात, तो हलत नाही.

रुपी पालखीत लागत होती तेव्हा गंगाराम भावाच्या कानाशी आला. "मी मोकळं कर म्हटलं होतं ना? मुद्दाम ठेवलास तू."

"नाय रे."

"मुद्दाम ठेवलास," गंगाराम म्हणाला. त्याचा खालचा ओठ एका बाजूला ओढला गेला होता. महिपतला तो ओठ ओळखीचा वाटला. आपल्या तोंडावरचा आपल्याला दिसत नाही, एवढंच.

दुसऱ्या वर्षी गंगाराम शिमग्याच्या चार दिवस आधीच आला. पिशवीत नवा विलायती रंधा होता, तळहाताएवढा. गावकी बसली होती तिथे तो गेला. पेटी त्यानं केली होती, सांधे त्याचे, कड्या त्याच्या, पण येता-जाता जो तो विचारत होता झाकणाविषयी.

"झाकण जरा मोकळं करून देतो," तो गावकराला म्हणाला. "असंच फुगत राहिलं तर एखाद्या पावसाळ्यात कड चिरेल. लाकडाला जागा लागते."

हरिश्चंद्रानं पान चघळत नकारार्थी मान हलवली. "मानाच्या वस्तूला रंधा लावायचा नसतो, गंगाराम."

"पण चिरेल ना ते!"

"देवी बघून घेईल."

गंगारामानं महिपतकडे पाहिलं. मानाचा नारळ त्या वर्षी आधीच घरपोच आला होता आणि महिपत तो घेऊन बैठकीला बसला होता. गंगाराम बरोबर बोलत होता, हे गावात एकट्या महिपतला कळत होतं. त्यानं मांडीवरचा नारळ दुसऱ्या मांडीवर घेतला.